वाटा पाडणाऱ्यानं मागं राहावं

कासीम पेशकारांबरोबर सीताफळ खायला बसणं म्हणजे शिक्षा होती. आमच्या बालाघाटच्या डोंगरात दिवाळीच्या सुमाराला सीताफळं इतकी उतरतात, की गुरंसुद्धा तोंड फिरवतात. एक फळ दोघांत खायची गरज कुणाला? पण ह्या माणसाला होती. फळ हातानं फोडायचं, दोन्ही अर्धे समोर धरायचे आणि म्हणायचं, "उचला, पंत." मी उचलीपर्यंत हात तसेच पुढं. बिया टाकायला हात मोकळा नाही, बोलायला तोंड मोकळं नाही, आणि साहेब वाट बघतायत. शेवटी वैतागून मी एक अर्धा उचलायचो. मग राहिलेला ते खायचे, तोही मोठ्या समाधानानं.

मी ब्राह्मणाचा. त्यांच्या हातची भाकरी मी कधी खाल्ली नाही, पण फळाला विटाळ नसतो हे आमचं सोयीचं शास्त्र होतं. असो.

ही निजामाच्या राज्यातली गोष्ट आहे, मी तालुक्याच्या कचेरीत नवा नवा कारकून लागलो तेव्हाची. कासीमसाहेब तिथले पेशकार, म्हणजे तहसीलदारांपुढं कागद मांडणारे बडे कारकून. कचेरीचा कारभार उर्दूत चाले. कासीमसाहेबांचं उर्दू अक्षर मोत्यासारखं, पण तोंड उघडलं की अस्सल कुणबी मराठी. घर सिरसाळ्याकडचं, बाप शेतकरी. काळी शेरवानी गळ्यापर्यंत बंद, उन्हाळ्यातही. दाढेत कायम एक लवंग. कुणी तुपाची घागर घेऊन दारात आला तर ते त्याला आधी बसवत, पाणी देत, घरची खुशाली विचारत आणि मग घागर त्याच्याच डोक्यावर परत चढवून देत. शिव्या नाहीत, उपदेश नाही. "जड हाय, संभाळून जा," एवढंच.

वाटे पाडायची त्यांची ती रीत घरची होती. त्यांच्याकडं भाऊ वेगळे निघाले की थोरल्यानं जमिनीचे वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. थोरल्याच्या वाट्याला जे राहील ते. म्हणजे पाडताना थोरल्याचा हात आपोआप सरळ चालतो. "वाटा पाडनाऱ्यानं मागं ऱ्हावं, पंत," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं, की पुढं पुढं ते सुरुवात करायचे आणि मी पुरं करायचो. त्यांना त्याचा राग येत नसे. मला यायचा.

एक मात्र सांगतो. त्यांनी पुढं केलेल्या दोन तुकड्यांतला मोठा तुकडा कचेरीत कुणीच उचलत नसे. चपराशी तर कधीच नाही. पेशकारसाहेबांच्या तोंडासमोरचा मोठा तुकडा उचलायला नोकरी काय जड झाली होती? आम्ही सगळे निमूटपणे लहान घ्यायचो आणि मोठा त्यांच्याच पोटात जायचा. इतक्या बारीक नजरेच्या माणसाला हे कधी दिसलं नाही.

तर त्यांच्याकडं लोकल फंडाचं काम होतं. शेतसाऱ्याच्या रुपयामागं आणाभर पट्टी रयतेकडून वेगळी घ्यायची आणि तिच्यातून गावांना विहिरी, रस्ते, शाळा करून द्यायच्या, असा तो फंड. घ्यायला सगळ्या गावांकडून घेत, आणि देताना ते कुठं जाई हे कचेरीतल्या मांजरालाही ठाऊक होतं. ज्याची तुपाची घागर जड, त्याच्या मळ्यापर्यंत रस्ता. एका देशमुखाच्या गावाला विहिरींवर विहिरी, आणि शेजारच्या वाडीतल्या बायका कोसभर लांबून पाणी आणायच्या. कासीमसाहेबांनी हा कारभार हातात घेतला आणि तहसीलदारांच्या मागं लागून घरचीच रीत कचेरीत आणली.

दर साली आसपासच्या सात-आठ गावांचे पाटील कचेरीच्या अंगणातल्या चिंचेखाली बोलवायचे. मधे घोंगडी. घोंगडीवर त्या सालची होण्यासारखी कामं मांडायची. पांढरी गारगोटी म्हणजे विहीर, बाभळीची काटकी म्हणजे रस्ता, विटेचा तुकडा म्हणजे शाळा, चिंचोका म्हणजे किरकोळ दुरुस्ती. गेल्या साली ज्याला सगळ्यात जास्त मिळालं त्या पाटलानं जेवढी गावं तेवढे वाटे पाडायचे. ज्याला सगळ्यात कमी मिळालं त्यानं पहिला वाटा उचलायचा, मग चढत्या पायरीनं बाकीचे, आणि पाडणारा शेवटी. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही कळेल अशी ती तऱ्हा होती.

पहिल्याच बैठकीत जे झालं ते आठवून मला अजून हसू येतं. ह्या सगळ्या हकिगतीत हसण्यासारखं तेवढंच आहे. वाटे पाडायला बसले ते बड्या गावचे देशमुख. त्यांनी एका वाट्यात गारगोटी ठेवली, तिच्याशेजारी काटकी ठेवली, वीटही ठेवली, आणि बाकीच्या वाट्यांत चिंचोके पेरून दिले. विचार असा की तो मोठा वाटा उचलायची कुणाची छाती होणार नाही, आणि तो आपसूक आपल्याकडं उरेल. नांदूरघाटाकडच्या एका वाडीचा म्हातारा वंजारी पाटील पहिला उचलणार होता. तो उठला, धोतर सावरलं आणि सरळ तो ढीगच ओंजळीत घेतला.

देशमुखांचा चेहरा उतरला. "आबा, जरा इचार करा," ते म्हणाले.

"द्येशमुख, तुमीच वाढलं," म्हातारा म्हणाला, "मंग खायाला आमी लाजायचं कावून?"

सगळे हसले. देशमुखांना चिंचोका मिळाला, आणि पुढल्या सालापासून वाटे असे सारखे पडू लागले की डोळे मिटून उचलावं. कासीमसाहेब त्या दिवशी घरी जाताना नुसती लवंग चावत होते. खूश असले की ते असंच करत.

पुढं पाऊसच फिरला. दोन सालं ओळीनं कोरडी गेली. त्या सालच्या बैठकीत पहिला वाटा चिंचखेडीच्या दौलत पाटलांचा होता. त्यांनी गारगोटी उचलली आणि कपाळाला लावली. पाटील वाईट माणूस नव्हता हे मी मुद्दाम सांगतो. दुष्काळात त्यानं पेव उघडून गावाला ज्वारी दिली होती.

विहीर गावाच्या मधोमध, मारुतीच्या देवळाजवळ खोदली. गावात वेठीचं काम महारवाड्याकडं असे, तसं खोदणंही त्यांच्याकडंच आलं. पाणी लागल्याची वर्दी आली तशी कासीमसाहेब मला घेऊन चिंचखेडीला गेले. आम्ही पोचलो तेव्हा रामा नावाचा महार दोराला धरून वर येत होता. गुडघ्यापर्यंत ओला, अंगभर चिखल, आणि तोंडभर हसू. पाटलानं त्याला फेटा बांधला, नारळ दिला. मग रामा आणि त्याची माणसं लांब जाऊन उभी राहिली. भटजी आले, पूजा झाली, आणि त्या क्षणापासून रामाला त्या विहिरीच्या पायरीला शिवायची बंदी झाली. कुणी तसं बोललं नाही. बोलावं लागतच नाही.

कासीमसाहेबांनी ओंजळभर पाणी पिऊन बघितलं आणि म्हणाले, "गोड हाय." लांब उभ्या असलेल्या बायकांत रामाची बायको धुरपदा होती. तिनं तिथूनच विचारलं, "सायब, आमाला वाढतील न्हवं पानी?"

"वाढतील की," दौलत पाटील म्हणाले. "कोन न्हाई म्हनतं?"

कासीमसाहेबांनी मान डोलावली. आम्ही गूळ-खोबरं खाल्लं आणि उन्हं कलायच्या आत निघालो. त्यांच्या मनाला सगळं जिथल्या तिथं वाटलं असणार. वाटा सरळ पडला होता, ज्याला कमी त्यानं आधी उचलला होता, आणि पाणी गोड लागलं होतं.

उन्हाळ्यात पटकी आली. वरून लाल पूड आली, पाणी निर्मळ करायला ती विहिरींत टाकायची. ती घेऊन आम्ही गावोगाव हिंडत होतो. चिंचखेडीत पोचलो तर गाव शांत होतं. पाटील स्वतः सामोरे आले. "गावात काई न्हाई, सायब," ते म्हणाले. "नव्या इहिरीनं राखलं आमाला. जे हाय ते महारवाड्यात."

महारवाडा ओढ्याच्या खालच्या अंगाला होता. ओढा आटलेला. वाळूत खड्डा खणून त्यात झिरपेल ते पाणी बायका वाटीनं भरायच्या. त्याच ओढ्यात वर गुरं बसत होती. पटकी आली तशी गावानं भीतीनं त्यांना विहिरीवरून पाणी वाढणंही बंद केलं होतं. आम्ही गेलो तेव्हा कितीतरी झोपड्यांत कुणी नव्हतं, दाराला नुसता काटा लावलेला होता. मी उपरणं नाकाला लावलं. कासीमसाहेबांनी लवंग थुंकून टाकली.

धुरपदा तिच्या दारात बसलेली होती. रामा गेला होता. दोन्ही लेकरं गेली होती. ती रडत नव्हती. रडायलाही अंगात पाणी लागतं.

कासीमसाहेब तिच्यापुढं उकिडवे बसले. म्हणाले, "बाई, पानी वाढत न्हवते तर कचेरीला सांगावा धाडायचा."

तिनं त्यांच्याकडं बघितलं. "सायब, तुमी घोंगडीवर वाटे पाडता, आमाला ठावं हाय. समदं गाव सांगत होतं, लई इमानी सायब. मंग आमचा वाटा कोन उचलला?"

"गावाचा वाटा पाटलानं उचलला."

"आमी गावात कवा हुतो?"

तिनं ओढ्यावरून गावाच्या बाजूला बोट केलं.

"पानी लागलं तवा खाली माजा मालक हुता," ती म्हणाली. "त्या पान्यात पयले पाय त्येचे भिजले. वर आला तवा त्यो मला म्हनला, धुरपदे, लई गार हाय. तेवडंच. प्यायला न्हाई मिळालं त्येला."

मला तिथं उभं राहवेना. मी ओढ्याकडं निघून गेलो. बऱ्याच वेळानं साहेब आले आणि आम्ही घोड्यांवर बसलो. परतीच्या वाटेला लागलो. मग साहेब एकदम म्हणाले, "पंत, मी गावागावात सरळ वाटलं. गावाच्या आत बघितलंच न्हाई."

"ते आपलं काम नव्हे, साहेब," मी म्हणालो. खरंच नव्हतं. कायद्यात कुठंही नव्हतं.

"मंग कुनाचं?"

मी घोड्याला टाच मारली. मला त्यांचा राग येत होता. माणसानं आपल्या अंगावर किती घ्यावं?

त्या साली सीताफळं उतरली तरी त्यांनी फोडायला घेतली नाहीत. कुणी टेबलावर आणून ठेवली तर तशीच मऊ पडून सडायची.

पुढली बैठक जवळ आली तसे ते तहसीलदारांकडं गेले. त्यांची मागणी अशी, की प्रत्येक गावाच्या वेशीबाहेरच्या वस्तीचा एकेक माणूस चिंचेखाली यावा, आणि पाटलांच्या आधी त्यानं वाटा उचलावा. ज्याला आजवर काहीच मिळालं नाही, त्याचा हक्क पहिला. रीत तीच, फक्त खरोखर शेवटच्या माणसापर्यंत न्यायची. तहसीलदार आळशी पण सज्जन होते. म्हणाले, बैठक शांततेत पार पडत असेल तर करा काय ते. मला वाटलं, पाटील घोंगडी उधळून लावतील. आदल्या दिवशी मी साहेबांना तसं बोललोही. ते म्हणाले, "उधळू द्या. निदान दिसंल तरी."

पाटलांनी काही उधळलं नाही. सगळे आले, आपापल्या जागी बसले, पान-सुपारी झाली. चिंचेच्या सावलीबाहेर, उन्हात, वस्त्यांची माणसं बसली. चिंचखेडीकडून धुरपदा आली होती. साहेबांनीच तिला निरोप धाडला होता. त्या साली वाटे दौलत पाटलांनी पाडले, आणि अगदी सरळ पाडले; उचलणारे दुप्पट झाल्यानं अर्ध्या वाट्यांना मात्र नुसता चिंचोकाच आला. धुरपदेचा पहिला मान. तिच्यासमोर सगळ्यात जवळ गारगोटीचा वाटा होता. हात लांबवला की झालं.

"उचल, बाई," कासीमसाहेब म्हणाले. तोच आवाज, तोच पुढं केलेला हात. मी हजारदा बघितलेला.

ती घोंगडीपाशी येऊन बसली. तिनं वाट्यांकडं बघितलं नाही. तिची नजर दौलत पाटलांच्या वहाणांवर होती. पाटील काही बोलले नाहीत, खाकरलेसुद्धा नाहीत. ते आपल्या मिशीवरून हात फिरवत दुसरीकडं बघत होते. मग तिनं हात लांबवला आणि पार टोकाचा एक चिंचोका उचलला. चिंचखेडीच्या चावडीचं दार नीट करायचं, ते काम.

कासीमसाहेबांचा पुढं केलेला हात तसाच राहिला.

"बाई," साहेब हळू म्हणाले, "पांढरा खडा तुज्या म्होरंच हाय."

"दिसतोय, सायब."

"मंग?"

"मला त्याच गावात ऱ्हायचं हाय."

दौलत पाटील मान हलवून म्हणाले, "शानी हाय बाई." ते टोचून बोलले नव्हते, कौतुकानंच बोलले होते. मग बाकीच्या वस्त्यांची माणसं एकेक करून आली आणि त्यांनीही चिंचोके उचलले. पाटलांनी विहिरी आणि रस्ते घेतले. बैठक अशी शांततेत झाली की तहसीलदारांनी खूश होऊन वर कळवलं, आणि काही दिवसांनी कासीमसाहेबांना शाबासकीचा कागद आला.

तो आला त्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं. टेबलावर हंगामाच्या शेवटाचं एक पिकलेलं सीताफळ होतं. त्यांनी ते फोडलं, दोन तुकडे धरले. एक चांगला मोठा, एक लहान. "उचला, पंत."

सवयीनं माझा हात लहानाकडं गेला.

"इतकी सालं?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. "इतकी सालं. सगळेच."

त्यांनी दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले आणि कितीतरी वेळ त्या तुकड्यांकडं बघत बसले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. एखाद्याला सांगावं की तू जन्मभर दुसऱ्याचं खात आलास, तसा त्यांचा चेहरा झाला होता. पण मी काही खोटं बोललो नव्हतो.

महिना उलटायच्या आत त्यांनी नोकरी सोडली. लोक म्हणाले, डोकं फिरलं. मीही म्हणालो. भावांबरोबर जमिनीची वाटणी झाली, थोरले म्हणून यांनीच वाटे पाडले आणि राहिलेला वाटा घेतला. तो विकून टाकला आणि चिंचखेडीच्या महारवाड्यामागच्या गायरानात विहीर खोदायला वडार बोलावले. बायको रागानं माहेरी गेली. दौलत पाटलांनी आडकाठी केली नाही. त्यांना माहीत होतं, तिथं खाली काळा पाषाण आहे.

त्या विहिरीला पाणी लागलं का, असं मला लोक विचारतात. नाही लागलं. दुसऱ्या उन्हाळ्यात कासीमसाहेब तापानं गेले आणि काम थांबलं. आता तिथं बोरीच्या काट्यांनी भरलेला खड्डा आहे.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्याच्या थोडं आधी. सारावसुलीच्या कामानं त्या बाजूला गेलो होतो, म्हटलं जाता जाता बघून यावं. दुपारची वेळ. वडार झाडाखाली आडवे झाले होते. साहेब खडीच्या ढिगावर बसले होते. शेरवानी नव्हती, सदरा फाटका, दाढी वाढलेली. मी हाक मारणार होतो, पण धुरपदा डोक्यावरची मातीची पाटी रिकामी करून त्यांच्यासमोर येऊन बसली, म्हणून थांबलो.

साहेबांनी फडकं सोडलं. एकच भाकरी होती. ती मोडली, आणि दोन्ही तुकडे पुढं धरले. मोडताना भाकरी वाकडी गेली होती. एक तुकडा मोठा होता, एक अगदीच लहान. लांबून मलाही ते दिसत होतं. त्यांनी तोंडानं काही म्हटलं नाही. हात तसेच पुढं धरून बसले.

धुरपदेनं दोन्ही तुकडे नीट बघितले. मग मोठा उचलला आणि खायला लागली. वर त्यांच्याकडं बघितलंही नाही.

साहेब क्षणभर थांबले. मग राहिलेला लहान तुकडा तोंडात घातला आणि सावकाश चावू लागले. मी हाक न मारताच घोडं वळवलं.